ड्रायव्हरच्या बाजूचं दार

माझ्या दुकानात काउंटरच्या वर एक पाटी आहे : ‘आधी चेसिस नंबर, मग बोला.’ ती मी स्वतः पुढे उभं राहून रंगवून घेतलीये. त्यावरून सगळ्या बाजारात माझं नाव ‘नंबरबाई’ पडलंय. पडू दे. नावं ठेवणाऱ्यांचे ट्रक माझ्याच पार्टांवर चालतात.

पाटी लावायला कारण आहे. लोक यायचे आणि म्हणायचे, “बाई, ट्रकचा तो गोल पार्ट द्या. मधे भोक असतं बघा, तो.” अहो, ट्रकमध्ये गोल नसलेलं आणि भोक नसलेलं असतं काय? मग मी नंबर मागायचे. सतरा अक्षरं-आकड्यांचा एक नंबर असतो गाडीला, तो म्हणजे तिचा जन्मदाखला. कुठल्या कारखान्यात जन्मली, कुठल्या साली, पोटात कुठलं इंजिन, सगळं त्यात. बाहेरून दोन ट्रक जुळ्या बहिणींसारखे दिसले तरी एकीचा पंप दुसरीला बसेलच असं नाही. तो नंबर कंपनीच्या गोदामात फोन करून सांगितला की नेमका पार्ट कळतो, अंदाजपंचे काम नाही. पण लोकांना नंबर बघायला गाडीखाली वाकायचं जिवावर येतं. मी म्हणते, वाका. पोट सुटलंय, तेवढाच व्यायाम.

तर अशी मी. आणि माझ्याच घरच्या ट्रकला मी एका आठवड्यात दोनदा चुकीचा पंप पाठवला.

ट्रक माझ्या नणंदेचा. वन्सं माझ्या नवऱ्याहून मोठ्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, “मला लेकी कमी आहेत का?” लेकी म्हणजे मधमाश्या. गावाबाहेर त्यांची जागा आहे, तिथे लाकडी पेट्यांच्या रांगा. एका ठिकाणचा फुलोरा संपला की पेट्या ट्रकमध्ये चढवायच्या आणि दुसरीकडे न्यायच्या. त्यासाठी त्यांनी जुना ट्रक घेतला आणि केस पांढरे व्हायला लागल्यावर चालवायला शिकल्या.

तेव्हा आमच्या ह्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. एरवी हा माणूस बोलायचे पैसे पडत असल्यासारखा बोलतो, पण तेव्हा वाचा फुटली. “ताई, ट्रक म्हणजे काय सायकल आहे का? कुठेतरी ठोकशील!” वन्संनी ऐकलं नाही. मग गाडीतून नुसता आवाज आला तरी हे म्हणायचे, “सांगत होतो.” टायर पंक्चर झाला, सांगत होतो. काचेवर चिमणी आपटली, सांगत होतो. मी एकदा म्हटलं, “चिमणीला सांगितलं होतंत का?” तेव्हा कुठे जरा कमी झालं.

त्या आठवड्यात वन्संचा फोन आला की ट्रकचा पाण्याचा पंप गेला. मी म्हटलं, नंबर सांगा. त्यांनी सांगितला. मी गोदामाला विचारलं, पंप मागवला, ह्यांच्या हाती पाठवला. बसेना. बोल्टची भोकं जुळेनात. मी पुरवठादाराला फोनवर असा फाडला की त्याने दुसऱ्या दिवशी फोन उचललाच नाही. मग दुसऱ्याकडून मागवला, त्याच नंबरवर. तोही बसेना. जुन्या पंपावर कोरलेला नंबर गंजून गेलेला, गाडीचे कागद नूतनीकरणाला कचेरीत अडकलेले. आणि वन्संचा मिस्त्री म्हणे सगळ्यांना सांगत सुटला होता, “नंबरबाईचा नंबर लागला!”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरं सांगायचं तर प्रश्न माझ्या नाकाचा नव्हता. वन्संच्या रानातला फुलोरा संपला होता. माश्यांना खायला काही उरलं नव्हतं, त्या साखरेच्या पाकावर दिवस काढत होत्या. सफरचंदाच्या ज्या बागेत पेट्या जायच्या होत्या, तिथली झाडं फुलली होती. बागवाल्याने सांगून टाकलं होतं, रविवारी सकाळपर्यंत या, नाहीतर दुसरा मधवाला तयार आहे. आणि मधमाश्यांना आपली गाडी देतो कोण? एकजण कबूल झाला होता. पेट्यांचा गूं गूं आवाज ऐकला आणि चप्पल तिथेच टाकून गेला.

शनिवारी सकाळी वन्संचा परत फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

“अगं, राहू दे आता,” त्या म्हणाल्या. “यंदाचा फुलोरा हुकला तर पेट्या विकून टाकते. तुमच्याकडे येऊन राहीन. भाजी निवडीन, काय.”

मी घाबरले. त्या राहायला येतील म्हणून नव्हे. बरं, थोडी त्यासाठीही. पण ज्या बाईने आयुष्यात कुणाकडे साधी शिडी मागितली नाही, ती भाजी निवडण्याच्या गोष्टी करते म्हणजे आतून पार खचली असणार. मी म्हटलं, “भाजी माझी मी निवडते. तुम्ही तिथेच थांबा.” आणि भर बाजाराच्या दिवशी शटर खाली ओढलं. शेजारचा टायरवाला बघतच राहिला. “कोण गेलं का?” म्हणाला. मी म्हटलं, “अजून नाही. आज एक मिस्त्री जाईल बहुतेक.”

वन्संच्या अंगणात ट्रक तोंड उघडून उभा होता आणि मिस्त्री उलट्या बादलीवर बसून माझ्या कोऱ्या पंपाच्या भोकांना कानस लावायच्या बेतात होता.

“काय चाललंय?”

“भोकं जरा मोठी करतो, बाई. बसेल मग.”

“कानस खाली ठेवा. वाटेत पाणी गळून इंजिन तापलं, तर भर उन्हात पेट्या रस्त्यावर राहतील. मग काय, डोंगरावर ढकलत न्याल?”

“मग तुम्ही बरोबर पंप द्या की! नाचता येईना अंगण वाकडं.”

“नंबर तुम्ही दिलात!”

“मी कशाला? ताईंनी दिला.”

वन्सं पायरीवर बसल्या होत्या. डोळे सुजलेले. म्हणाल्या, “दारावर पट्टी आहे ना, त्यावरून वाचला. नीट वाचला गं, चष्मा लावून.”

मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. आतल्या कडेला पत्र्याची पट्टी होती, नंबर स्वच्छ दिसत होता. मी एकेक अक्षर बोट ठेवून ताडून पाहिलं. मी लिहून घेतलेलाच. आता आली का पंचाईत! नंबर बरोबर, पंप त्या नंबराचा, आणि तरी बसत नाही.

पिशवी ठेवायला म्हणून मी पलीकडच्या बाजूला गेले, तिकडचं दार उघडलं, आणि काच खाली करायला हँडल धरलं. हाताला वेगळंच लागलं. ह्या दाराचं हँडल सरळ लोखंडी. मघाशी पलीकडे पाहिलं होतं, त्याला काळी गोल मूठ होती. मी परत फिरून गेले. ड्रायव्हरच्या दाराचा पांढरा रंग कडेला उडाला होता आणि खालून निळा दिसत होता. बाकी ट्रकवर जिथे रंग उडाला होता, तिथे खाली नुसता गंज.

“वन्सं,” मी म्हटलं, “हा ट्रक कधी निळा होता का?”

वन्सं उठल्या. “पाक उकळतोय वाटतं,” म्हणाल्या आणि आत निघाल्या. चोराच्या मनात चांदणं! मी हात धरून बसवलं.

“पाक थांबेल. दार कुठलं आहे हे?”

त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री कान टवकारून बसला होता. मी म्हटलं, “मिस्त्री, जरा पाणी आणा.” तो गेला. मग वन्सं अगदी हळू म्हणाल्या, “फाटकाला लागलं होतं. पहिल्याच हंगामात. आपल्याच फाटकाला गं! दार पार आत गेलं. मग भंगारवाल्याकडून तसलंच दार आणलं, बसवलं, रंग दिला. बारक्याला नको सांगूस.”

बारक्या म्हणजे आमचे हे. दारातून आत येताना वाकावं लागतं एवढा माणूस, पण बहिणीला बारक्याच.

“अहो, पण मला तरी सांगायचं!”

“तू त्याचीच बायको ना.”

हे मला लागलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच लागलं. इतकी वर्षं मी ह्या बाईची बाजू घेऊन नवऱ्याशी भांडले, आणि ह्यांच्या लेखी मी पलीकडच्या पक्षातली! उलट बोलायला तोंड उघडलं होतं, पण मग डोक्यात प्रकाश पडला. दार दुसऱ्या गाडीचं, म्हणजे पट्टी दुसऱ्या गाडीची, म्हणजे मी आठवडाभर भंगारात गेलेल्या कुठल्यातरी निळ्या ट्रकसाठी पंप मागवत होते. आणि ‘नंबर सांगा, नंबर सांगा’ म्हणून कोकलणाऱ्या मी एकदाही विचारलं नव्हतं की नंबर वाचताय कुठून. काउंटरमागे बसून उंटावरून शेळ्या हाकल्या, दुसरं काय!

“बरं,” मी पदर खोचला. “दार बदलता येतं, सांगाडा बदलत नाही. खरा नंबर चेसिसवर ठोकलेला असतो, पुढच्या चाकाच्या मागे. चला, वाका.”

आम्ही दोघी वाकलो. तिथे नंबर काय, लोखंडही दिसत नव्हतं. वर्षानुवर्षं पेट्यांतून ठिबकलेला मध, त्यावर बसलेली धूळ, वर मेण, वर चिखल, सगळ्याची मिळून दगडासारखी खपली झाली होती. मिस्त्रीने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि तारेचा ब्रश मारून पाहिला. ब्रशच त्यात रुतून बसला.

“थांबा,” वन्सं म्हणाल्या आणि त्यांची पेटी उघडायची लोखंडी पट्टी घेऊन आल्या. पेटीच्या चौकटी मेणाने एकमेकींना चिकटतात, त्या सोडवायची ती पट्टी. त्यांनी ती खपलीखाली घातली, मनगट जरासं वळवलं, आणि तुकडाच निघून आला. बाईच्या हाताला सवय आहे हो! मघाशी भाजी निवडायला निघालेली हीच का ती, असं वाटलं मला.

खपली निघाली तसा मधाचा वास सुटला, आणि भुकेल्या लेकी हजर. मिस्त्रीने बादली डोक्यावर घातली आणि तसाच, आंधळ्यासारखा, घरात पळाला. मला हसू आवरेना. हसले आणि लगेच कानाच्या पाळीला डंख बसला. “आई गं!” मी काटा उपटायला बोटं नेली तर वन्सं ओरडल्या, “चिमटीत धरू नकोस, आणखी विष जाईल आत!” आणि नखाने खरवडून काढला. मग पदराने माझा कान पुसत म्हणाल्या, “आता तू पण आमच्यातली.”

“बरं झालं,” मी म्हटलं. “मघाशी नव्हते ना.”

कान पुसून झाला तरी त्यांचा हात तसाच थोडा वेळ माझ्या गालावर राहिला.

रॉकेलचा बोळा फिरवला, कोरडं केलं, वरून खडू घासला. खाचांमध्ये खडू भरला आणि अक्षरं एकेक करून वर आली. वन्सं वाचत होत्या, मी लिहीत होते. पहिली तीन तीच, दारासारखी. पुढे इंजिनाच्या जागी आलं वेगळंच. माझ्या तोंडून शीळ निघता निघता राहिली. ट्रक दाराहून जुना होता, इंजिनही जुन्या घडणीचं.

मी तिथूनच गोदामात फोन लावला. पलीकडच्या माणसाने नंबर घेतला, थोडा वेळ खटखट ऐकू आली आणि म्हणाला, “सापडलं. पण मॅडम, हा पंप आता बनत नाही.”

वन्संनी फोनला कान लावला होता. त्यांचं तोंड पडलेलं मला दिसलं. मी म्हटलं, “बनत नाही म्हणजे काय? त्याच्या जागी काय आलं ते बघा. काहीतरी आलं असेलच. नीट बघा, मी फोन ठेवणार नाहीये.”

परत खटखट. मग म्हणाला, “आलंय. बदली नंबर आहे. तोच पंप त्याच इंजिनावर चालणाऱ्या जनरेटरलाही लागतो. तुमच्याकडे जनरेटरवाला असेल तर...”

असेल तर काय! आमच्या बाजारात चौकातच आहे. शनिवारी दुपारी बंद करतो एवढंच. मी त्याला फोन केला. पंप होता. “आमच्या घरचं माणूस येईपर्यंत शटर ओढलंत तर बघा,” असं मी म्हटलं, अगदी गोड आवाजात, आणि ह्यांना फोन लावला.

“हे बघा, काही विचारू नका. हा नंबर लिहून घ्या, जनरेटरवाल्याकडे जा आणि पंप घेऊन ताईंकडे या.”

“नंबर चेसिसवरचा ना?” हे म्हणाले. “दारावरचा नाही ना?”

“चेसिसवरचा, चेसिसवरचा. निघा आता!” मी फोन ठेवून दिला. घाईत माझ्या काही लक्षात आलं नाही.

हे पंप घेऊन आले. मिस्त्रीने तो जागेवर धरला आणि भोकांवर भोकं जाऊन बसली. हाताने बोल्ट फिरले, पान्याची गरज लागली ती शेवटी आवळायला. पाणी भरलं, इंजिन सुरू केलं, सगळे खाली वाकून बघत राहिलो. एक थेंब गळला नाही. वन्सं बोनेटवर डोकं टेकवून उभ्या राहिल्या आणि रडल्या. मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाला, “मानलं, नंबरबाई.” मी म्हटलं, “बादलीसकट घरी जाताय की ठेवून?”

संध्याकाळी माश्या घरी परतल्या तशा पेट्यांची तोंडं जाळीने बंद केली आणि चढवायला सुरुवात झाली. आमच्या ह्यांना माश्यांची भयंकर भीती. तोंडाला जाळी, हातात मोजे, पायांत मोजे, आणि तरी एकेक पेटी हातभर लांब धरून नेत होते. मी मागून दोऱ्या बांधत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात दुपारचं बोलणं वाजलं.

वन्सं पुढे बसल्या होत्या, इंजिन चालू होतं, त्यांना ऐकू जाण्यासारखं नव्हतं. मी ह्यांना धरलं. “दारावरचा नाही ना, असं का विचारलंत मला?”

“असंच.”

“असंच नाही. तुम्हाला दाराचं माहीत होतं?”

हे जाळीतून माझ्याकडे बघत राहिले. “हँडल वेगळं आहे,” म्हणाले. “ताईनं दार बदललं तेव्हाच दिसलं होतं.”

“अगं बाई! बहीण लपवते, भाऊ मूग गिळून बसतो, आणि आठवडाभर बोलणी खाते मी! तुम्हाला बोलायला काय झालं होतं? एरवी चिमणी आपटली तरी ‘सांगत होतो’!”

“तू नंबर दारावरून घेतेयस हे मला काय माहीत?” मग पेटी खाली ठेवून हे म्हणाले, “चिमणीवरून ताई गाडी सोडणार नव्हती. दारावरून बोललो असतो तर सोडली असती.”

हे फाटकाकडे बघत होते. मीही बघितलं. ऐसपैस फाटक, दोन ट्रक शेजारून जातील एवढं. आणि मला आठवलं. वन्संच्या पहिल्या हंगामानंतर हे कुदळ-फावडं घेऊन इथे आले होते, फाटकाचा खांब काढून लांब रोवला होता. मी विचारलं होतं, कशाला? तर म्हणाले होते, खांब कुजलाय. तेव्हाही मी म्हटलं होतं, लोखंडी खांब कुजतो होय? पण उत्तर आलं नव्हतं, आणि ह्यांच्याकडून उत्तर न येणं ही काही बातमी नव्हे.

“त्यांना सांगू का?” मी विचारलं.

“नको.” आणि हातभर लांब पेटी धरून हे परत निघाले.

उजेड संपता संपता ट्रक त्या रुंद फाटकातून बाहेर पडला. सरळ, कुठेही न लागता. वन्संनी हॉर्न वाजवला. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो, ह्यांची जाळी अजून तोंडावरच होती. माश्या गेल्या तरी ती काढायला हे का तयार नव्हते, ते आतून नाक ओढल्याचा आवाज आला तेव्हा मला कळलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं चहा घेत होतो तेव्हा फोन वाजला.

“पोचले!” वन्सं ओरडल्या. मागे काहीतरी घोंघावत होतं, वारा असेल. “सगळ्या पेट्या उघडल्या. अगं, काय फुललंय इथे! जाळ्या काढायचा अवकाश, पोरी सुटल्या नुसत्या. पायांना पराग लावून परत पण यायला लागल्या.”

मला इतका आनंद झाला की चहा बशीत सांडला. मग म्हणाल्या, “बारक्या आहे का तिथे? दे त्याला.”

मी फोन ह्यांच्या कानाला लावला आणि माझाही कान जवळ नेला.

“बारक्या,” वन्सं म्हणाल्या, “बागेच्या फाटकाला दार घासलं. चांगलंच आत गेलंय. या वेळी आधीच सांगते. आणि हे दुसऱ्यांदा आहे. पहिल्यांदा लागलं तेव्हा तुला बोलले नव्हते.”

आता ‘सांगत होतो’ येतं का, म्हणून मी ह्यांच्या तोंडाकडे बघत बसले. ह्यांनी घसा साफ केला.

“तुला लागलं नाही ना कुठे?”

“नाही.”

“मग झालं. कुठल्या बाजूचं दार?”

“ड्रायव्हरच्याच. जाऊ दे, ते तसंही आपलं नव्हतंच.”

हे हसले. मोठ्याने, जाळीबिळी नसताना. मग फोन माझ्याकडे देत म्हणाले, “घे, तुझं गिऱ्हाईक आहे.”

मी पाटीवरचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, पण त्याआधीच पलीकडून वन्सं चेसिसवरचा नंबर म्हणायला लागल्या होत्या, तोंडपाठ, एकही अक्षर न अडखळता. “लिहितेस ना?” मधेच थांबून म्हणाल्या. “नवीन दार हवंय मला, आपल्या ट्रकचं.”

मी पेन्सिल शोधली आणि म्हटलं, “पहिल्यापासून सांगा.”